मॅट्रिकची परीक्षा आणि आपली ज्ञाति

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांत देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एखादे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवून टांगलेले आढळते. कागद पिवळा पडलेला असतो, शाई विटलेली असते, आणि त्यावरील इंग्रजी मजकूर घरातील वडीलधाऱ्या बायकांपैकी कोणासही वाचता आलेला नसतो. तथापि दसऱ्याच्या दिवशी हत्यारांबरोबर त्या चौकटीसही झेंडूचे फूल वाहिले जाते. हे प्रमाणपत्र म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेचे, अर्थात लोकांच्या तोंडी ‘मॅट्रिक’चे. ज्या परीक्षेला आपल्या आजोबा-पणजोबांनी देवघराच्या शेजारची जागा दिली, तिचा इतिहास आजच्या पिढीस ठाऊक असावा, या हेतूने हा लेख लिहिण्याचे योजिले आहे. केवळ गतकाळाचे कौतुक करावे एवढाच यात उद्देश नाही. इंग्रजी भाषेच्या त्या अरुंद दारातून आपली माणसे कशी आत शिरली व कितीजण दाराशीच अडून राहिली, याचा हिशोब मांडल्यावाचून आजच्या मुलांसाठी काय करावे हे आपणांस नीट कळणार नाही.

विद्यापीठाची स्थापना

इ. स. १८५४ साली विलायतेहून सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यातील शिफारशीस अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन ठिकाणी विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मंजूर झाला. एकीकडे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला असताना दुसरीकडे ज्ञानमंदिराची कोनशिला बसावी, हा कालगतीचा चमत्कारच म्हटला पाहिजे. या विद्यापीठांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नाही. कॉलेजांनी शिकवावे, आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, असा तो प्रकार. त्यामुळे परीक्षा हाच विद्यापीठाचा प्राण झाला, आणि त्या प्राणाचे पहिले द्वार म्हणजे प्रवेश-परीक्षा.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश-परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक उमेदवार बसले. त्यांतून वीस-बावीसच उतरले. पुढे १८६२ साली बी. ए. ची पहिली परीक्षा होऊन महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. त्या काळी विद्यापीठास स्वतःची इमारत नव्हती. कारभार टाउन हॉलमधून चाले. पदवीदानाचे भव्य सभागृह १८७४ मध्ये व राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. प्रारंभीच्या काळी परीक्षेसाठी मुंबई गाठावी लागे. बोरघाटातील आगगाडी १८६३ साली सुरू झाली. तोपर्यंत देशावरच्या मुलास घाट गाडीने अथवा पायी उतरावा लागे. कोकणातील मुलास गलबताचा वा आगबोटीचा आश्रय. परीक्षेची धास्ती एक, व प्रवासाची धास्ती दुसरी.

विद्यापीठाचा विस्तारही लहान नव्हता. महाराष्ट्राखेरीज गुजराथ, सिंध व कर्नाटकाचा मोठा भाग त्याच्या कक्षेत येई. पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यातील इंग्रजी शाळाही आपली मुले मुंबईच्या मॅट्रिकला बसवीत, कारण पोटापाण्यासाठी गोमंतकीयास मुंबईचाच रस्ता धरावा लागे. नागपूरकडील गोष्ट निराळी. तेथील मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेले होते. पुढे ते अलाहाबादेकडे गेले, आणि १९२३ मध्ये नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मराठवाड्यातील मराठी मुलाच्या वाट्याला तर निजामी राज्यात १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आले, व तेथे उर्दू माध्यम होते. तात्पर्य, मराठी बोलणारा मुलगा कोठेही जन्मला तरी परक्या भाषेची पायरी चढल्याशिवाय त्यास उच्च विद्येचे दर्शन नव्हते.

परीक्षेचे स्वरूप

त्या काळची शाळेची रचना आजच्या वाचकांस सांगणे अवश्य आहे. प्रथम मराठी शाळेत तीन-चार इयत्ता कराव्या लागत. त्यानंतर ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई व ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. इंग्रजी पहिलीत मुलगा ए, बी, सी गिरवू लागे, आणि सात वर्षांनी त्याच भाषेत त्याने इतिहास, भूगोल व भूमिती लिहावी अशी अपेक्षा असे. जो मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होई, तो प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊन गावात प्रतिष्ठा पावे. परंतु कचेरीतील कारकुनी, वकिली, डॉक्टरी, कॉलेज या सर्वांचा मार्ग मॅट्रिकवरूनच जाई.

परीक्षेत इंग्रजी, दुसरी भाषा, गणित, आणि इतिहास-भूगोलादी सामान्य ज्ञान असे विषय असत. दुसरी भाषा म्हणून संस्कृत, फारशी, लॅटिन इत्यादींपैकी एक घ्यावी लागे. प्रारंभी काही वर्षे मराठी, गुजराथी, कानडी या देशी भाषांसही तेथे स्थान होते. परंतु लौकरच वरच्या परीक्षांतून त्यांस रजा मिळाली. आपल्याच मुलखातील विद्यापीठात आपल्याच भाषेला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले, याचे शल्य न्यायमूर्ती रानडे यांस जन्मभर होते. देशी भाषांचा विद्यापीठात पुनश्च प्रवेश व्हावा म्हणून त्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीस वाव मिळाला. इंग्रजीत पारंगत झालेल्या पहिल्या पदवीधराने मराठीसाठी झुंजावे, ही गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तयारी कशी होत असे

या परीक्षेची तयारी म्हणजे प्रामुख्याने पाठांतर. हावर्ड साहेबांची इंग्रजी वाचनमाला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग, नेस्फील्डचे व्याकरण, आणि १९३५ नंतर रेन व मार्टिन यांचे व्याकरण, ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हाती गेली. संस्कृतासाठी भांडारकरांची दोन पुस्तके होती. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीच एकाने ती मागाहून येणाऱ्या मुलांसाठी रचली होती. आपण दार ओलांडले म्हणजे मागच्यासाठी शिडी ठेवावी, याचा हा वस्तुपाठच होय.

तर्खडकरांच्या पाठमालेविषयी दोन शब्द अधिक लिहिले तर ते अस्थानी होणार नाहीत. तीत इंग्रजी भाषा मराठीच्या द्वारे शिकविली आहे. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. पुन्हा इंग्रजी वाक्य, मग त्याचे मराठी. कर्ता कोठे, कर्म कोठे, आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते ते इंग्रजीत मध्येच का घुसते, हे मुलास दोन्ही भाषा समोरासमोर ठेवून उमगे. आजच्या पंडितांस ही रीत जुनाट वाटते. बोलण्याचा सराव तीत होत नाही, हा आक्षेपही खरा आहे. परंतु ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कोणी उच्चारीत नाही, त्यास आपल्या मातृभाषेचा हात धरून परक्या भाषेत नेणारी दुसरी सोपी वाट कोणती होती? मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकेतही व्याकरण, निबंध, पत्रलेखन यांबरोबर भाषांतरास मान असे. म्हणून चांगले मराठी येणाऱ्या मुलास इंग्रजी चांगले येई, असा जुन्या मास्तरांचा सिद्धान्त होता. प्रस्तुत लेखकाने वर्गात घालविलेल्या वर्षांत हा सिद्धान्त खोटा ठरल्याचे अनुभवास आले नाही.

या तयारीचे सर्वांत उद्बोधक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. त्यांचे वडील सुभेदार रामजी यांनी मुलाकडून हावर्डची पुस्तके व तर्खडकरांचे तीनही भाग घरी घटवून घेतले. मुंबईस परळच्या चाळीत एकच खोली होती. तीत सर्व कुटुंब राही. मुलाने रात्री लौकर झोपावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागावे, आणि मग त्यास उठवून अभ्यासास बसवावे, असा क्रम त्यांनी चालविला. संस्कृत शिकण्याची इच्छा असताही अस्पृश्यतेच्या दंडकामुळे त्यांस ती भाषा मिळाली नाही. फारशी घ्यावी लागली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण मिळाले. आजच्या हिशोबाने ते सामान्य वाटतील. परंतु त्या यशासाठी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. पुढे त्याच गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या महाराजांकडून कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एका मॅट्रिक झालेल्या मुलाच्या पाठीशी चार शहाणी माणसे उभी राहिली, त्याचे फळ साऱ्या देशास मिळाले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण चिंतामणराव देशमुख यांचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते सबंध विद्यापीठात पहिले आले व संस्कृतासाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. शंकरशेट शिष्यवृत्तीचा दबदबा असा होता की, ती कोणत्या शाळेकडे गेली यावरून त्या शाळेचा लौकिक ठरे. पुण्यास १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा राष्ट्रीय बाण्याच्या त्या शाळेसही आपली योग्यता मॅट्रिकच्या निकालानेच सिद्ध करावी लागली, आणि वामनराव आपट्यांसारख्या विद्वानाच्या शिकवणुकीने तिने ती केली. सरकारवर टीका करणाऱ्यासही सरकारी विद्यापीठाच्या तराजूत उभे राहणे प्राप्त होते, असा तो काळ.

राहण्या-जेवण्याचा प्रश्न

पुस्तकांपेक्षाही अवघड प्रश्न असे तो पोटाचा. हायस्कुले मोठ्या गावीच असत. खेड्यातील मुलाने तेथे राहावयाचे कोठे व जेवावयाचे काय? आगरकरांनी शिक्षणासाठी कऱ्हाडाकडून रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, आणि अखेर अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने राहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. गोपाळराव गोखल्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांस दरमहा पंधरा रुपये पगार होता. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. अण्णासाहेब कर्वे मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास डोंगर तुडवीत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. या कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचल्या आहेत. त्यांच्या चिकाटीस नमस्कार करूनही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास वार लावून जेवण्याची अथवा माधुकरीची सोय शहरात होती. कारागीर, शेतकरी व अस्पृश्य मानलेल्या ज्ञातींच्या मुलांस ही सोय नव्हती. त्यास कोण वार देणार? त्याची बुद्धी कमी नव्हती. त्याच्या भाकरीची व दिव्याच्या तेलाची तजवीज नव्हती.

आपल्या ज्ञातीचे म्हणाल तर दुसरी एक अडचण होती. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याच्या हातात हत्यार येई व घरास एक कमावता हात मिळे. त्यास आणखी पाच-सात वर्षे शाळेत ठेवणे म्हणजे नुसता फीचा खर्च नव्हे, तर येणारी मजुरी बुडविणे. शिवाय सात वर्षांच्या शेवटी परीक्षेत तो उतरेलच याचा भरवसा काय? एकोणिसाव्या शतकात बहुतेक वर्षी उतरणाऱ्यांपेक्षा पडणाऱ्यांचीच संख्या अधिक असे. नापास झालेला मुलगा ना कचेरीच्या कामाचा, ना हत्यार धरण्याच्या सवयीचा. म्हणून आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी मुलांस शाळेतून काढले, तर त्यांस अडाणी म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. तो हिशोब बदलण्याची शक्ती एकेका घरात नव्हती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात त्यांचा मुख्य भर बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच निवेदनात त्यांनी एक बारीक मुद्दा मांडला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यास विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेस बसता येऊ लागले, या सोयीचे त्यांनी स्वागत केले, व तीच सवलत वरच्या पदव्यांसही मिळावी अशी मागणी केली. दिवसा काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलासाठी दार किलकिले राहावे, हा त्यातील आशय. शिक्षण सर्वांना मिळावे असे म्हणणारे पुष्कळ असतात. ते कोणत्या फटीतून मिळेल हे शोधणारे थोडे.

हिशोब बदलण्याचे काम वसतिगृहांनी केले. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना करविली, आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशा ज्ञाति-धर्मांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांनी जागा दिली, देणग्या दिल्या, व त्या त्या ज्ञातीच्या पुढाऱ्यांस आपापल्या मुलांची काळजी वाहण्यास प्रवृत्त केले. तेथून पुढे महाराष्ट्रभर ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थी-साहाय्यक निधी काढले, मॅट्रिक झालेल्या मुलांचे सत्कार केले, जुनी पुस्तके गोळा करून वाटली. आज आपण ज्या संस्थेची स्मरणिका वाचीत आहोत, तशा संस्थांचे मूळ पुष्कळ ठिकाणी याच गरजेत सापडेल.

भाऊराव पाटलांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ते स्वतः मॅट्रिक होऊ शकले नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व ज्ञातींची मुले एका पंक्तीस बसविली. जो स्वतः त्या दारातून आत गेला नाही, त्याने हजारो मुलांस आत नेले.

मुलींची गोष्ट याहून अवघड. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली आपल्या परीक्षा स्त्रियांस खुल्या केल्या, व पुढच्याच वर्षी पुण्यास मुलींचे हायस्कूल निघाले, तेच हुजूरपागा. तथापि सामान्य घरातील मुलीस इंग्रजीतून मॅट्रिक होणे दुरापास्तच होते. म्हणून अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ काढून शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेविले, आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकविला. त्या काळी पुष्कळांनी त्याची थट्टा केली. परंतु इंग्रजी येणे निराळे व विद्या येणे निराळे, हा भेद प्रत्यक्ष करून दाखविण्याचे श्रेय त्या विद्यापीठास दिले पाहिजे.

‘नॉन-मॅट्रिक’ हा शिक्का

मॅट्रिकने समाजास जसे चढविले तसे दुभंगूनही टाकले. निकाल वर्तमानपत्रांतून छापून येई, व एखाद्या गावी ते पत्र पोहोचले की नंबर पाहण्यासाठी गर्दी उसळे. ज्याचा नंबर सापडे त्याच्या घरी पेढे, आणि ज्याचा न सापडे तो मागच्या दाराने घरात शिरे. ‘मॅट्रिक पास’, ‘मॅट्रिक फेल’, ‘नॉन-मॅट्रिक’ अशा नव्या जातीच जणू निर्माण झाल्या. सोयरीक ठरविताना कुळाबरोबर ही नवी जात विचारण्यात येऊ लागली. उत्तम कारागीर असलेला मुलगा केवळ इंग्रजीच्या एका पत्रिकेत चार गुणांनी हुकला म्हणून स्वतःस निकामी मानू लागला. गणितात हुशार, हाताने कुशल, स्वभावाने सालस, अशी कितीतरी मुले ‘इंग्रजीत गेला’ या दोन शब्दांखाली गाडली गेली. ज्या चौकटीस आपण फूल वाहतो, तिच्या शेजारी या मुलांची आठवण लावण्यास भिंतीवर जागा नव्हती.

परीक्षेचा अस्त

विसाव्या शतकात हे दार हळूहळू रुंदावले. इतिहास-भूगोलादी विषयांची उत्तरे मातृभाषेतून लिहिण्याची मोकळीक मिळाली. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षेचे स्वतंत्र मंडळ निर्माण होऊन १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा सुरू झाली, व विद्यापीठाची मॅट्रिक इतिहासजमा झाली; नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत इंग्रजी विषय वरच्या वर्गांत ढकलला जाऊन आठवीपासून सुरू होऊ लागला. १९५४ साली मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेशावर निर्बंध घातले, ते सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविले. १९६६ च्या जानेवारीत महाराष्ट्राचे शालान्त मंडळ पुण्यास अस्तित्वात आले. १९७५ साली दहावीच्या नव्या परीक्षेची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि जुनी अकरावी, जिला प्रस्तुत लेखकाच्या पिढीपर्यंत सर्वजण मॅट्रिकच म्हणत, ती संपली. पुढे २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविण्याचा निर्णय झाला. पन्नास वर्षांत इंग्रजी आठवीतून पहिलीत उतरली, यावरून लोकांच्या मनातील ओढ कोणत्या दिशेस होती हे समजते.

आज काय करावे

आज चित्र पालटले आहे असे म्हणतात. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’, अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी घेण्यात येणारी ‘सीयूईटी’ या परीक्षा मराठीसह तेरा भाषांतून देता येतात. रानड्यांना हे पाहून संतोष झाला असता. परंतु प्रश्नपत्रिका मराठीत मिळाली तरी शिकवणीचे वर्ग, जाडजूड पुस्तके आणि पुढील कॉलेज ही बहुतांशी इंग्रजीतच आहेत. परदेशी जाणाऱ्या मुलांस ‘टोफेल’ अथवा ‘आयईएलटीएस’ द्यावी लागते, ती तर केवळ इंग्रजीचीच परीक्षा. दार पूर्वीच्या जागेवरून हलले. नाहीसे झाले नाही.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरे आता मुलांस इंग्रजी माध्यमात घालतात. त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. मात्र एक गोष्ट शिक्षकाच्या नात्याने सांगणे कर्तव्य आहे. ज्या घरात आईबाप इंग्रजी बोलत नाहीत व मुलाशी मराठीतूनही पुरेसे बोलत नाहीत, तेथील मूल दोन्ही भाषांत पोरके होते. त्यास इंग्रजीतील उत्तर पाठ येते, पण त्याचा अर्थ मराठीत सांगता येत नाही. आपल्या आजोबांजवळ इंग्रजी थोडी होती, पण ती मराठीच्या भक्कम पायावर उभी होती. सुभेदार रामजींनी मुलास शिकविले ते दोन भाषा समोरासमोर ठेवून. रात्री अर्धा तास मुलाने इंग्रजी धड्यातील पाच वाक्ये मराठीत सांगावी व पाच मराठी वाक्ये इंग्रजीत लिहावी, यासाठी कोणत्याही शिकवणीची फी लागत नाही.

दुसरी सूचना संस्थेच्या चालकांस. दरवर्षी ज्ञातिगृहात गुणगौरव समारंभ होतो. नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांस शाल, श्रीफळ व पाकीट मिळते. हे योग्यच आहे. पण ज्यास इंग्रजीत पस्तीस मिळणेही कठीण पडले, त्या मुलाचे नाव आपणांस ठाऊक असते काय? इतिहास असे सांगतो की, ज्ञातिसंस्था जन्मास आल्या त्या पहिल्या आलेल्यांचे कौतुक करण्यासाठी नव्हे. ज्यास वार नव्हता, दिवा नव्हता, त्यास भाकरी व उजेड देण्यासाठी. तेव्हा गुणगौरवाच्या खर्चातील निम्मी रक्कम नापास झालेल्या व मध्येच शाळा सोडलेल्या मुलांच्या पुनर्परीक्षेसाठी राखून ठेवावी. ज्ञातिगृहाचे सभागृह लग्नाच्या हंगामाखेरीज संध्याकाळी रिकामेच असते. तेथे सहा ते नऊ अभ्यासिका चालवावी. आपल्यांत सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतील व कचेरीतील माणसे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येकाने दिली तरी काम भागेल.

आणि तिसरी सूचना, जी कदाचित काहींस रुचणार नाही. त्या अभ्यासिकेचे दार केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरते ठेवू नये. बोर्डिंगे ज्ञातिवार निघाली ती काळाची गरज म्हणून. दुसरा कोणी आपल्या मुलास पंक्तीस घेत नव्हता म्हणून. आज आपण दुसऱ्यास पंक्तीस घेण्याच्या स्थितीत आहो. ज्ञातिगृहाच्या मागील गल्लीत मजुरी करणाऱ्यांची मुले रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचताना दिसतात. ती आपली ज्ञातिबांधव नसतील. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपण जेथे उभे होतो, नेमके तेथेच ती आज उभी आहेत. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाची आठवण ठेवून त्यांस आत बोलवावे. त्यामुळे आपल्या मुलांच्या वाट्याचा उजेड कमी होणार नाही.

परीक्षा येतात व जातात. मॅट्रिक गेली, अकरावी गेली, आजच्या परीक्षाही उद्या बदलतील. मागे राहते ते एवढेच की, दाराशी अडलेल्या मुलास आत घेण्यासाठी कोणी हात पुढे केला व कोणी केला नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या अभ्यासिकेचा पहिला अहवाल छापून यावा, अशी अपेक्षा व्यक्त करून आणि सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींस शुभाशीर्वाद देऊन हा लेख पुरा करतो.